दामिनी रडतेय

शनिवारी पहाटे दामिनीला जाग आली, ती कुणीतरी मूठभर रेती डोळ्यांत टाकून वरून चोळल्यासारखं वाटलं म्हणून. चाचपडत ती मोरीपर्यंत गेली आणि पाण्याचे हबके मारले, तर आग आणखीच भडकली. उजाडलं तसा उजेडही टोचायला लागला. पापण्या सुजून टंब झाल्या होत्या, डोळे लालभडक, आणि पाणी तर असं वाहत होतं की ओढणीचं टोक दोनदा पिळावं लागलं.

हे काय झालंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. आर्क लागला होता, वेल्डिंगच्या ठिणगीचा झगझगाट. आदल्या दिवशी शहापूरला मंगळूदादाच्या शेडमध्ये खिडकीची चौकट जोडायचं काम होतं. एका हातानं लोखंडी अँगल धरायचा, दुसऱ्यानं वेल्डिंगचा रॉड, मग डोळ्यांपुढं काळी काच कशानं धरायची? एवढासा तर टाका मारायचाय, असं म्हणून तिनं डोळे किलकिले करून तसंच निभावलं. असले एवढेएवढेसे टाके दुपारभर चालले. मंगळूदादा ओरडलासुद्धा होता, "पोरी, ठिणगीकडं बघू नको, रातीला रडशील."

दुखणं तिनं सोसलं असतं. कबड्डी खेळून गुडघे फुटलेली पोर ती. पण ती वेल्डिंग शिकते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेणव्याच्या पुढं असलेल्या तिच्या गावानं तिचं सगळं कधीच ठरवून टाकलं होतं. दामिनी बारावी होणार, कबड्डीत जिल्ह्याच्या संघात जाणार, मग खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागणार. कॉलेजातल्या मनोज सरांना यात शंका नव्हती, शेजारच्या राहीकाकूला नव्हती, रंगूआत्याला तर तिच्या अंगावर खाकी वर्दी आत्ताच दिसत होती. फक्त दामिनीला विचारायचं राहून गेलं होतं.

तिला आयटीआयला जाऊन वेल्डर व्हायचं होतं. कॉलेजच्या फाटकाचा तुटलेला बिजागर जोडायला मंगळूदादा आला, तेव्हा ती प्रॅक्टिस सोडून बघत उभी राहिली होती, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या शेडच्या दारात. पहिल्यांदा दोन पट्ट्या जोडून तिनं वरची काळी खपली हातोडीनं झाडली, खालची शिवण वाकडीतिकडी का होईना पण धरलेली दिसली, तेव्हा घरी येताना तिला कडकडून भूक लागली. आई गेल्यापासून आपल्याला भूक अशी लागलीच नव्हती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यानंतर सकाळी कबड्डी, दुपारी शेड, आणि घरी दोन्हीचं नाव 'प्रॅक्टिस'.

बाबाला सांगायला हवं होतं. पण देवजी आधीच कमी बोलणारा माणूस, त्यात बायको काविळीनं गेल्यापासून त्याचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'गाय बांध' एवढ्यावर आलं होतं. असल्या माणसापुढं वेल्डिंगचा विषय कुठून काढायचा?

आईचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं, म्हणून रंगूआत्या मुरबाडकडून आधीच येऊन राहिली होती. चुलीशी वाकलेली आत्या वळली आणि तिच्या हातातलं भांडंच खाली पडलं.

"अगो बाय! डोळं कशानं सुजलं?"

"काय नाय."

"काय नाय? भोपळ्यासारखं झालंत! रातभर रडलीस ना तू?"

दामिनीनं झटपट विचार केला. आर्क म्हटलं की शेड आलं, शेड म्हटलं की मंगळूदादा आला, मग उद्याची मुरबाडची निवड चाचणी राहिली बाजूला, घरातच पंचायत बसली असती. तिनं नाक ओढलं.

"आईची आठवण आली."

हे तसं खोटं नव्हतं. आठवण रोजच यायची, पण तिचं पाणी कधी व्हायचं नाही.

रंगूआत्यानं तिला असं कवटाळलं की दामिनीचा श्वास अडकला. वर्षभर आत्यानं सगळ्या नातलगांत एकच गाऱ्हाणं घातलं होतं, पोरीच्या डोळ्यांत आईसाठी टिपूस नाही, दगड आहे नुसती. आज त्या दगडाला पाझर फुटला होता. आत्यानं मोठ्यानं गळा काढला. तो ऐकून राहीकाकू भाकरी तव्यावर टाकून धावत आली.

"काय झाला? कोण गेला?"

"कोण नाय गेला," आत्या हुंदके देत बोलली. "पोर मोकळी झाली माझी."

मग राहीकाकूही बसली. आधी ती दामिनीच्या आईसाठी रडली, मग स्वतःच्या आईसाठी, आणि मग कल्याणला राहणाऱ्या मुलासाठी, जो धडधाकट होता पण फोन करत नव्हता. भाकरीचा वास आला तसं तिला भाकरीसाठीही रडू आलं. बघता बघता आळीतल्या बाया जमल्या. प्रत्येकीचं काही ना काही साचलेलं होतंच. मधोमध दामिनी बसलेली, आणि तिच्या डोळ्यांतून धार लागलेली. रडून थकलेली बाई तिच्याकडं बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची. एवढा टिकाऊ शोक गावानं पाहिला नव्हता.

देवजी शेतावरून आला तो दारातच थबकला. बायांतून वाट काढत तो लेकीसमोर उकिडवा बसला, तिच्या हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"अंधारात बस," तो म्हणाला. "उजेडाला येऊ नको." उठून त्यानं खिडकीवर घोंगडी टांगली.

"दुःखात हाय पोर, आन तू तिला काळोखात कोंडतोस?" आत्या कडाडली.

"बसू दे," देवजी म्हणाला आणि गाय सोडायला निघून गेला.

दुपारी मोटारसायकलवरून मनोज सर आले. मागं काजल, दामिनीच्या संघाची कप्तान. ही बातमी किन्हवलीच्या कॉलेजपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण पोचता पोचता बरीच वाढली होती. दामिनीनं अन्नपाणी सोडलंय, ती उद्या खेळणार नाही, असं सरांना कुणीतरी सांगितलं होतं.

सर अंधारात चाचपडत पाटावर बसले. "दामिनी, मला समजतंय. पण आईला काय आवडलं असतं? तू रडावंस की तू चढाई करावीस?"

"सर, मी खेळणारे."

"शाब्बास!" सरांनी मांडीवर थाप मारली. "एवढं दुःख असून खेळणार! बघितलंस काजल? याला म्हणतात खेळाडू."

काजल तिच्या कानाशी लागली. "गो, खरं सांग, काय झालं? तू तर परवा मला दाखवत होतीस, हाताला ठिणगी लागली म्हणून."

"गप," दामिनी कुजबुजली. "आर्क आहे."

काजलनं तोंडात ओढणी कोंबली. तिचे खांदे गदगदा हलताना बघून सरांना वाटलं, हीसुद्धा रडतेय. त्यांनी तिच्याही पाठीवर हात ठेवला.

दिवेलागणीला बाया आपापल्या घरी गेल्या, आत्या राहीकाकूकडं पीठ आणायला गेली. देवजी आत आला आणि भिंतीला टेकून बसला. दामिनीला वाटलं, हीच वेळ आहे, सांगून टाकावं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलायला लागला.

"त्या दिशी तिचा लुगडा वाळत व्हता मागल्या दारी. तिनंच टाकलेला, तापात उठून. समदा आटपून आमी नदीवरून आलो, तर तो तसाच. मी काढला नाय. दुसऱ्या दिशीबी नाय काढला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला वाटायचा, काढंल की तीच. रोज सांच्याला तीच काढते ना."

आणि देवजी रडला. आवाज न करता, मान गुडघ्यात घालून, पाठ हलत राहिली. बाबाला रडताना दामिनीनं कधी पाहिलं नव्हतं. चितेपाशीही तो ताठ उभा होता, म्हणून तीही ताठ राहिली होती. आत्ता ती त्याच्या शेजारी सरकली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी येतच होतं, पण ते कालच्या चौकटीचं होतं. बाबा खरा रडत होता आणि आपण फुकटचं रडतोय, याची तिला एवढी लाज वाटली की खरं सांगायचं तोंडच उरलं नाही.

रविवारी सकाळी सूज अर्धी उतरली होती, पण उन्हात गेलं की पुन्हा धारा लागत. देवजी म्हणाला, "नाय जमत तर नको जाऊ." ती जाते म्हणाली. तसा तोही टोपी घालून निघाला. आजवर तिचा एकही सामना त्यानं पाहिला नव्हता. आत्याही निघाली.

मुरबाडच्या मैदानावर माणसांची गर्दी होती. मनोज सर आधीच पोचून कामाला लागले होते. पोरीला समजून घ्या, आईचं वर्षश्राद्ध आहे, एवढंच त्यांनी एका पंचांच्या कानावर घातलं. पंचांनी ते दुसऱ्याला सांगताना वर्ष गाळलं. दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं तोवर श्राद्धही गळालं. शेवटी माइकवाल्याच्या हाती काय पडलं ते सगळ्या मैदानानं ऐकलं.

"बंधू आणि भगिनींनो, कालच जिचं मातृछत्र हरपलं, ती शहापूर तालुक्याची वाघीण दामिनी, डोळ्यांतले अश्रू न पुसता, आज मैदानात उतरत आहे! सर्वांनी आपापल्या जागी उभं राहून एक मिनिट शांतता पाळावी!"

सगळं मैदान उभं राहिलं. भज्यांच्या गाडीवाल्यानं कढईखालचा गॅस बारीक केला. दामिनीनं घाबरून आत्याकडं बघितलं. आत्यानं डोळे मिटून हात जोडले होते. देवजीनं टोपी काढून हातात घेतली होती आणि तो जमिनीकडं बघत होता.

सामना सुरू झाला. पहिली चढाई दामिनीची. ऊन असं चमकत होतं की तिला सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं, रेषा कुठं संपते तेही कळेना. कबड्डी कबड्डी करत ती डावीकडं झेपावली, कुणाच्या तरी पोटाला हात लावला आणि जीव खाऊन परत पळाली. ते पोट रेषेबाहेर उभ्या असलेल्या पंचांचं होतं. कुणीही हसलं नाही. पंचांनी तर रुमाल काढून डोळे टिपले.

दुसऱ्या चढाईला समोरच्या मुली मागं मागं सरकत गेल्या. तिची पकड करायची कुणाची छाती होईना. काल आई गेलेल्या मुलीचा पाय कोण ओढणार? कोपऱ्यातली एक दणकट पोरगी तर चक्क पुढं आली, हात लांब केला आणि हळूच म्हणाली, "लाव, लाव. सॉरी हां." दामिनीनं हात लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या चढाईला दोघी बाद. मनोज सर बाहेर उड्या मारत होते. निवड समितीतले एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "जिगर बघा पोरीची!"

चौथ्या चढाईला मध्यरेषा ओलांडताना तिची नजर प्रेक्षकांत गेली. धूसर दिसत होतं तरी बाबा तिला बरोबर सापडला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तो एकटा, टोपी मांडीवर ठेवून, खाली मान घालून बसला होता. त्याची बायको आज पुन्हा एकदा, माइकवरून, गेली होती. आणि तिच्या नावावर पॉइंट गोळा होत होते.

दामिनीचा दम तुटला. ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "माझी आई काल नाय गेली. वरीस झालं तिला. मी रडत नाय. मला आर्क लागलाय."

"काय लागलंय?" पंच जवळ आले.

"आर्क!"

पंचांनी माइककडं हात केला. भोंगा पुन्हा घरघरला. "मैदानात कोणी डॉक्टर असतील तर त्यांनी त्वरित पुढं यावं! खेळाडूला हार्टचा त्रास आहे!"

एकच गोंधळ उडाला. दोघं स्ट्रेचर घेऊन धावले. मघाच्या दणकट पोरीनं तिला उचलायला घेतलं. रंगूआत्यानं "माझी पोर गेली गो!" म्हणून असा टाहो फोडला की मघाशी बारीक केलेला गॅस भजीवाल्यानं पुरताच बंद केला.

"हार्ट नाय, आर्क!" दामिनी स्ट्रेचरवरून उडी मारत ओरडली. "वेल्डिंगचा आर्क! मी शहापूरला वेल्डिंग शिकते! काच न धरता टाका मारला म्हणून डोळे सुजलेत! मला काय सुदीक झालेलं नाय!"

मग गर्दीतून कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू वणव्यासारखं पसरलं. समोरच्या संघातली कुणी मात्र हसली नाही. कोपऱ्यातल्या दणकट पोरीनं बाह्या वर सारल्या.

पंचांनी गुण रद्द केले, सामना पहिल्यापासून सुरू झाला. दामिनी चढाईला गेली आणि सातही जणी एकदमच तिच्या अंगावर आल्या. तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांतच नाही, तोंडातही माती होती. पुढच्या चढाईला तसंच. त्याच्या पुढच्याही. दुपारी जिल्ह्याच्या संघाची नावं पुकारली, त्यात काजल होती, ती नव्हती.

मनोज सर चिडलेसुद्धा नाहीत, तेच तिला जास्त लागलं. ते नुसते म्हणाले, "अगं, आजचा एक दिवस गप्प बसली असतीस तर? पुढचं वर्ष नाही तुला. बारावी संपली की संपलं."

"ठाऊक आहे सर."

"मग?"

"ते पॉइंट माझे नव्हते, सर."

सर मान हलवत काजलला शोधायला गेले. दामिनी मैदानाच्या कडेला उभी राहून बुटांच्या नाड्या सोडत राहिली. शाळेत पाचवीत असताना पहिल्यांदा आखलेल्या मैदानात उतरली होती ती. आज शेवटची बाहेर पडली.

रंगूआत्या मात्र भडकलेली होती. "मी लोकांना काय तोंड दावू? ती राही माझ्या गळ्यात पडून रडली! तिच्या भाकऱ्या करपल्या! आन ही म्हंते लोखंड जोडत व्हती! देवजी, मी चालली माझ्या घरी. श्राद्धाला येईन, सैपाक करीन, पन हिच्याशी बोलणार नाय." आणि खरंच ती मुरबाडहूनच उतरणीच्या रस्त्यानं फणकाऱ्यात चालती झाली.

परतीच्या एसटीत बापलेकीला मागची सीट मिळाली. ऊन कलतं झालं होतं. डोळ्यांची आग एव्हाना पूर्ण उतरली होती, बाहेर पोटरीला आलेलं भात तिला आता नीट, पात्यापात्यानिशी दिसत होतं. किन्हवली मागं पडली.

"बाबा," शेवटी दामिनी म्हणाली, "मी तुला फसवला."

"नाय."

"फसवला. काल तू रडलास, तेव्हा मी खरी रडत नव्हते. माझं ते आर्कचं पाणी होतं."

"ठाव हाय मला."

दामिनीनं चमकून बघितलं. देवजी समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत होता.

"भातसानगरला धरणाच्या दारांचा काम निघाला व्हता, तू झाली नव्हतीस तवा. मी वेल्डरच्या हाताखाली व्हतो. मलाबी लागला व्हता एकदा. काल तुझा तोंड बघितला न् वळखला."

"मग बोललास का नाय? आत्या, राहीकाकू, समदी रडत होती!"

"म्हणूनच नाय बोललो." देवजीनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "वरीसभर मला रडायला सवडच नाय गावली. तू ताठ उभी. मला वाटायचा, मी रडलो तर ही पोर मोडंल. काल घरात समदीच रडाय लागली. म्हटला, चालू हाय तवर आपलाबी उरकून घ्यावा."

दामिनीला हसू आलं.

"मी पण त्याच्यासाठीच," ती म्हणाली. "तू मोडशील म्हणून."

गाडी खड्ड्यात आदळली. पुढं कुणाची तरी कोंबडी पिशवीतून ओरडली. देवजीनं खिडकीची काच ओढून बघितली, ती अडकलेली होती, सोडून दिली.

"वेल्डिंग शिकतेस तर शीक," तो म्हणाला. "आयटीआयला जा, शेडात जा, कुठंबी जा. पन तुझ्या त्या वस्तादाला सांग, काच असल्याबिगर काम देऊ नको म्हणावा." तो थांबला. "डोळं तुझ्या आयचं हायेत. तेवढंच तिचं उरलंय घरात."

दामिनी खिडकीकडं वळली. पण काही उपयोग झाला नाही. वर्षभर कुठं थांबलं होतं ते सगळं एकदम आलं, आवाजासकट, नाकासकट, खांदे हलवत. पुढच्या सीटवरच्या बायका वळून बघायला लागल्या. कंडक्टर तिकिटं सोडून मागं आला.

"काय झालं हो पोरीला? कोण गेलं का?"

"काय नाय मास्तर," देवजी म्हणाला. "आर्क लागलाय तिला." आणि कंडक्टरकडं पाठ करून तोही दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायला लागला.